अग्निशमन वाहनांच्या खरेदीवर मनपा सभागृहाने नेमके काय आणि केव्हा पाहावे?

धंतोलीकर (प्रश्न)

नमस्कार. मागील सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत नागपूर महानगरपालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. प्रस्ताव मांडणारे आणि त्याला मंजुरी देणारे कार्यालय एकच, अशी ती जवळपास चार वर्षे होती. आता ३८ प्रभागांतून १५१ सदस्य निवडून आले आहेत. त्यांच्यापुढे जे विषय येतील त्यांपैकी एका विषयावर मला येथील जाणकारांचे मत हवे आहे, तो म्हणजे अग्निशमन विभागाच्या वाहनांची खरेदी.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण शहर दोन विरुद्ध दिशांनी अवघड होत चालले आहे. वर्धा मार्गावर आणि बेसा, बेलतरोडीकडे इमारतींची उंची वाढते आहे, तर महाल, इतवारी, गांधीबाग येथील गल्ल्या पूर्वी होत्या तेवढ्याच अरुंद आहेत. एका भागाला लागणारी गाडी दुसऱ्या भागात शिरतच नाही. संख्येबाबतही प्रश्न आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचे जुने मानक असे आहे की, पहिल्या तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर पन्नास हजारांमागे एक आणि त्यापुढे दर लाखामागे एक पंप असलेली गाडी असावी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. म्हणजे त्या वर्षीच्या लोकसंख्येलाच अशा २७ गाड्या हव्यात आणि त्याही चालू स्थितीत. त्यानंतर शहर किती वाढले हे आपण रोज पाहतो.

आमच्या प्रभागातील एक नगरसेविका पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत आणि त्यांना हा विषय मनापासून समजून घ्यायचा आहे. वाहनखरेदीची चर्चा बहुधा दरापाशी सुरू होते आणि दरापाशीच संपते, असे माझे निरीक्षण आहे. दर पाहिलाच पाहिजे, परंतु तेवढ्याने आग लागलेल्या ठिकाणी योग्य गाडी पोहोचेल याची खात्री होत नाही. तेव्हा माझे प्रश्न असे की, कायद्याने सभागृहाला या खरेदीत नेमका कोणता अधिकार दिला आहे, तो कोणत्या टप्प्यावर वापरला तर उपयोगी पडतो, आणि तांत्रिक ज्ञान नसलेल्या लोकप्रतिनिधीने कोणती कागदपत्रे मागावीत?

जुना लेखापाल (उत्तर)

महानगरपालिकेच्या लेखा विभागांत माझी नोकरी झाली, त्यामुळे कायद्याच्या बाजूने लिहितो.

नागपूरसाठी पूर्वी १९४८ चा स्वतंत्र कायदा होता. आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. आगीपासून जीविताचे आणि मालमत्तेचे संरक्षण करण्यासाठी अग्निशमन दल ठेवणे हे या अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा हा विषय स्पष्टपणे नोंदलेला आहे. हे येथे सांगण्याचे कारण असे की, निधी नाही हे उत्तर उद्यानाच्या किंवा स्वागतकमानीच्या बाबतीत देता येते, पण आवश्यक कर्तव्याच्या बाबतीत सदस्यांनी ते ऐकून गप्प बसण्याचे कारण नाही. मालमत्ता कराच्या देयकात अग्निशमन कराची वेगळी ओळ असते, हेही त्यांनी लक्षात ठेवावे.

करार करण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे. मात्र कलम ७३ नुसार ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या कराराला स्थायी समितीची पूर्वमान्यता लागते. अग्निशमन वाहनाची खरेदी, विशेषतः शिडीच्या गाडीची, त्या मर्यादेच्या पुष्कळ वर असते. स्थायी समितीत सोळा सदस्य असतात आणि त्यांपैकी निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. त्यामुळे एका वर्षी अंदाजपत्रकात तरतूद झाली, पुढल्या वर्षी निविदा आली आणि त्यानंतरच्या वर्षी गाडी आली, तर तिन्ही वेळी टेबलाभोवतीची माणसे बरीचशी बदललेली असतात. देखरेख तुटते ती येथे. कोणाच्या वाईट हेतूची त्याला गरज लागत नाही. मागचा धागा ठाऊक असलेला सदस्य समितीत उरत नाही, एवढे पुरते.

आता टप्प्याबद्दल. स्थायी समितीपुढे विषय येतो तेव्हा निविदा उघडलेली असते, तांत्रिक लिफाफ्यात कोण पात्र ठरले हे ठरलेले असते आणि सर्वांत कमी दराचा निविदाकार समोर असतो. त्या क्षणी सदस्यांच्या हाती दोनच गोष्टी राहतात, मान्यता देणे किंवा फेरनिविदा काढायला लावणे. फेरनिविदा म्हणजे पुन्हा कित्येक महिने, आणि तेवढे महिने जुन्याच गाड्यांवर काम. म्हणून विचारायचे ते त्याआधी, म्हणजे अंदाजपत्रकाच्या वेळी आणि तांत्रिक विनिर्देश (गाडी नेमकी कशी हवी याचे तपशील) निश्चित होताना विचारले पाहिजे. कलम ३० खाली विशेष समित्या नेमता येतात आणि मागील सभागृहात अग्निशमन व विद्युत अशी एकत्रित समिती होती. अशा समितीला मंजुरीचा अधिकार नसला तरी निविदेचा मसुदा प्रसिद्ध होण्यापूर्वी तिच्यापुढे ठेवण्याचा पायंडा सभागृहाला नक्की पाडता येईल. माझ्या मते नव्या सभागृहाने या विषयात सर्वप्रथम करायची गोष्ट हीच आहे.

पंपचालक (उत्तर)

लेखापाल साहेबांनी विनिर्देशांचा मुद्दा काढला म्हणून लिहितो आहे. मी विदर्भात अग्निशमन सेवेत पंप चालवला आहे आणि काही काळ वर्कशॉपही पाहिले आहे.

अग्निशमन गाडी तयार स्वरूपात कारखान्यातून येत नाही, हे सदस्यांना आधी समजले पाहिजे. चेसिस, म्हणजे इंजिन आणि चाकांसह खालचा सांगाडा, एका कंपनीची असते. टाकी, पंप, लॉकर आणि केबिन बांधून देणारा दुसरा असतो. पंप बनवणारा बहुधा तिसरा असतो. पाण्याच्या गाड्यांसाठी भारतीय मानके आहेत, आयएस ९४८ आणि आयएस ९५० ही त्यांतली नेहमीची. निविदेत मानकाचा क्रमांक लिहिलेला असतोच, पण क्रमांक लिहिणे आणि गाडी त्या मानकाला उतरणे यांत फार अंतर आहे. ते अंतर तपासणीत कळते, आणि तपासणी कोणत्या अवस्थेत करायची हे निविदेत लिहिलेले नसेल तर पुढे पुरवठादाराला ते सांगण्याचा अधिकारच राहत नाही.

टाकीचेच उदाहरण घ्या. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन. टाकी अर्धी रिकामी झाली की वळणावर ते पाणी एका बाजूला धावते आणि गाडी ओढली जाते. ते रोखण्यासाठी टाकीच्या आत बॅफल म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्या असतात. त्या किती आहेत, कुठे आहेत आणि त्यांची वेल्डिंग कशी आहे, हे टाकी गाडीवर चढण्यापूर्वी आणि रंग लागण्यापूर्वीच पाहता येते. लाल रंग लागून, दिवे बसून, हार घातलेली गाडी मुख्यालयाच्या आवारात उभी राहिली की टाकीच्या आत कोणी उतरत नाही. विदर्भातल्या एका नगरपरिषदेच्या गाडीची टाकी थोड्याच काळात जोडावर पाझरू लागलेली मी पाहिली आहे. कागदावर तिची अंतिम तपासणी समाधानकारक होती, मात्र मधल्या टप्प्याची तपासणी करारात नव्हतीच.

दुसरी गोष्ट वजनाची. टाकी पूर्ण भरून, होज (पाणी नेणारे पाइप), शिडी आणि सर्व साहित्य ठेवून, सहा-सात जवान बसवून गाडी धर्मकाट्यावर न्यावी आणि पुढच्या व मागच्या धुऱ्यांवरचे वजन चेसिसच्या मर्यादेत आहे का ते पाहावे. कळमना किंवा वाडीच्या बाजूला धर्मकाट्यांना तोटा नाही आणि या तपासणीला खर्च जवळजवळ लागतच नाही. तरीही काट्याची पावती खरेदीच्या फाइलमध्ये क्वचितच दिसते. नगरसेविकांना एकच कागद मागायचा असेल तर मी हा सांगेन.

तिसरी गोष्ट पंपाची. पंप गाडीच्या इंजिनवरच, पीटीओच्या (इंजिनाची शक्ती पंपाकडे वळवणाऱ्या) जोडणीने चालतो. म्हणजे गाडी जागेवर उभी असते आणि इंजिन तासन्‌तास चालू असते. पंप कोरडा असताना विहिरीतून किंवा टाक्यातून पाणी किती सेकंदांत उचलतो, ठरलेल्या दाबावर मिनिटाला किती लिटर फेकतो, आणि काही तास सलग चालवल्यावर इंजिनाचे तापमान कुठे स्थिरावते, या तीन नोंदी ताबा घेण्यापूर्वी घेतल्या पाहिजेत. तिसरी नोंद नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घेतली तर खरी. डिसेंबरात घेतलेल्या नोंदीवर मी विसंबणार नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) इंजिनांत धूर गाळणारी यंत्रणा आणि धुरातले प्रदूषण कमी करणारे डीईएफ हे द्रावण यांची भर पडली आहे. उभ्या गाडीवर तासन्‌तास पंप चालवताना या यंत्रणेचे वर्तन कसे राहील, याबद्दल चेसिस कंपनीचे लेखी उत्तर निविदापूर्व बैठकीतच घ्यावे.

आणि कपलिंग, म्हणजे होज जोडण्याचा सांधा. आपल्याकडे ६३ मिलिमीटरचे इन्स्टंटेनियस (झटक्यात बसणारे) कपलिंग सर्वत्र चालते. मोठ्या आगीला सक्करदरा, लकडगंज, कॉटन मार्केट अशा वेगवेगळ्या केंद्रांच्या गाड्या येतात, हिंगण्याहून एमआयडीसीचीही मदत मागवावी लागते. अशा वेळी कोणाचाही होज कोणाच्याही गाडीला लागला पाहिजे. परदेशी बनावटीची गाडी किंवा वेगळ्या मापाचे साहित्य घेताना ही साधी गोष्ट निविदेत राहून जाते.

हे सर्व नगरसेवकांनी स्वतः तपासावे असे माझे म्हणणे नाही. देशाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्याच शहरात आहे आणि देशभरातील अधिकारी तेथे शिकून जातात. निविदेच्या मसुद्यावर आणि अंतिम चाचणीवर त्या महाविद्यालयाचा लेखी अभिप्राय घ्यावा, अशी सूचना सभागृहाने केली तर तांत्रिक ज्ञान नसण्याची अडचण बरीचशी दूर होईल.

इतवारीतील दुकानदार (उत्तर)

वरील दोघांच्या अनुभवाचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. इतवारी आणि गांधीबागेत कापड, कागद, रंग, प्लास्टिक अशी एकाला एक लागून दुकाने आहेत आणि वर घरे आहेत. आमच्यासाठी प्रश्न लवकर गाडी मिळण्याचा आहे. समितीपुढे मसुदा, मग अभिप्राय, मग पुन्हा समिती, असे टप्पे वाढवत गेलो तर गाडी येईल केव्हा? शिवाय समितीत विषय गेला की प्रत्येक सदस्य आपल्या भागासाठी गाडी मागणार, हे स्वाभाविक आहे, कारण मतदार त्यालाच विचारतात. कोणत्या केंद्राला कोणती गाडी द्यायची हे मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांनी आगीच्या नोंदी पाहून ठरवावे. सभागृहाने पैसे द्यावेत आणि वर्षाच्या शेवटी हिशेब मागावा, एवढे पुरेसे आहे.

शिडीच्या गाडीबद्दलही लिहितो. उंच शिडीची गाडी वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात शोभून दिसते, म्हणून तिच्यासाठी पैसा लवकर मंजूर होतो. आमच्या गल्लीत मात्र लहान चेसिसवरची, उच्च दाबाचा पंप असलेली छोटी गाडी हवी आहे आणि तिच्यासाठी कोणी आग्रह धरत नाही.

जुना लेखापाल

आपला दुसरा परिच्छेद हेच माझ्या म्हणण्याचे सर्वांत चांगले समर्थन आहे. मोठी गाडी की लहान गाडी हा प्रश्न निविदा उघडल्यावर विचारता येत नाही. तो तरतुदीच्या वेळीच विचारावा लागतो, आणि तो विचारण्याचे काम इतवारीच्या प्रतिनिधीने केले नाही तर दुसरे कोण करणार? राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत, उंच इमारतीभोवतीची मोकळी जागा ४५ टनांपर्यंतच्या अग्निशमन वाहनाचे वजन पेलणारी असावी आणि गाडीला वळण्यासाठी नऊ मीटर त्रिज्या मिळावी, असे सांगितले आहे. म्हणजे शिडीची गाडी घेण्यापूर्वी ती ज्या इमारतींसाठी घेतो आहोत त्यांच्या आवारात तिला पाय रोवता येतील का, हे नगररचना विभागाकडून मागवले पाहिजे. ही माहिती अग्निशमन विभागाच्या फाइलमध्ये आपोआप येत नाही. दोन विभागांना एका टेबलावर बसवण्याचे काम समितीच करू शकते.

गाडी कोणत्या केंद्रावर ठेवायची हे अधिकाऱ्यांनी ठरवावे, यात मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. त्या निर्णयात सदस्यांनी पडू नये. उशिराचे म्हणाल तर समितीसाठी पंधरा दिवसांची मुदत घालून द्यावी. त्या मुदतीत अभिप्राय आला नाही तर मसुदा पुढे जावा.

अजनीतील वाचक (उत्तर)

या चर्चेत एक नियम अजून आलेला नाही आणि तो सगळ्यावर परिणाम करतो, म्हणून मांडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी पुढे वाढवता येत नाही आणि त्यात महापालिकांची वाहनेही येतात. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या विशेष वाहनांना सूट आहे. अग्निशमन वाहनांचा उल्लेख त्या सूटीत नाही. ज्या मंत्रालयाचा हा नियम आहे त्याचे मंत्री नितीन गडकरी हे आपल्याच शहराचे खासदार आहेत. त्यामुळे अग्निशमन वाहनांसाठी वर्षांऐवजी प्रत्यक्ष तंदुरुस्तीची कसोटी लावावी, असा ठराव नागपूरच्या सभागृहाने करून पाठवला तर तो योग्य ठिकाणी पोहोचेल, असे मला वाटते. अग्निशमन गाडी किलोमीटरने फार कमी धावते आणि तिचे चेसिस पंधरा वर्षांनंतरही पुष्कळदा चांगले असते.

परंतु नियम आज जसा आहे तसा धरून खरेदीचा विचार केला तर दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, पंधरा वर्षे नोंदणीच्या दिवसापासून मोजली जातात. गाडी आली, नोंदणी झाली आणि चालक नाही म्हणून किंवा साहित्य आले नाही म्हणून आवारात उभी राहिली, तर तिचे उभे राहिलेले महिनेही आयुष्यातून वजा होतात. म्हणून वाहनाचा प्रस्ताव आणि चालक व फायरमन यांच्या मंजूर व भरलेल्या पदांचा तक्ता एकत्रच मागितला पाहिजे. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. एखाद्या वर्षी मोठा निधी आला म्हणून पंधरा-वीस गाड्या एकदम घेतल्या, तर त्या सर्व पंधरा वर्षांनी एकाच वर्षी बाद होणार. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी देशभरात ५,००० कोटी रुपयांची योजना आली. असा निधी जरूर घ्यावा, पण पुढच्या वर्षांची आखणी सोबत हवी. धंतोलीकरांनी काढलेला २७ चा आकडा धरला, तरी दरवर्षी साधारण दोन गाड्या नियमाने बदलत राहणे हाच मार्ग निघतो. दरवर्षी दोन गाड्यांची तरतूद अंदाजपत्रकात कायम लेखाशीर्षाखाली ठेवावी आणि ती दुसरीकडे वळवायची असेल तर सभागृहाची परवानगी घ्यावी लागेल, असा ठराव झाला तर ती खरी देखरेख होईल. दुकानदार साहेबांची वेळेची चिंताही त्याने कमी होईल, कारण प्रत्येक वेळी शून्यापासून फाइल सुरू करावी लागणार नाही.

धंतोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. कलम ४४ प्रमाणे प्रत्येक सदस्याला कारभाराविषयी आयुक्तांना लेखी प्रश्न विचारता येतो आणि त्यासाठी पूर्ण सात दिवसांची पूर्वसूचना नगरसचिवांकडे द्यावी लागते, अशी माहिती मिळाली. त्यानुसार आपल्या चर्चेतून मी नगरसेविकांसाठी पुढील मसुदा तयार केला आहे. कृपया त्यात काही राहिले असल्यास सांगावे.

“अग्निशमन विभागाकडील प्रत्येक वाहनाचा प्रकार, नोंदणीचा दिनांक, ते कोणत्या केंद्रावर आहे आणि आज चालू आहे की बंद, याची यादी सभागृहापुढे ठेवावी. पुढील पाच वर्षांत कोणत्या वर्षी किती वाहने पंधरा वर्षांच्या नियमाने बाद होणार आहेत आणि त्यांच्या जागी काय घेण्याचा विचार आहे, ते सांगावे. मागील खरेदीतील वाहनांच्या मधल्या टप्प्यावरील तपासणीचे अहवाल, भरलेल्या स्थितीतील वजनाच्या पावत्या आणि पंप चाचणीच्या नोंदी सादर कराव्यात. चालक व फायरमन यांची मंजूर आणि भरलेली पदे केंद्रनिहाय द्यावीत. अरुंद वस्त्यांसाठी लहान वाहनांची गरज किती आहे, याचे मूल्यमापन झाले आहे काय?”

पंपचालक

मसुदा चांगला आहे. “चालू की बंद” एवढ्यावर मात्र थांबू नका. गाडी चालू आहे असे उत्तर इंजिन सुरू होते म्हणूनही देता येते. प्रत्येक गाडीच्या लॉगबुकात किलोमीटरबरोबर पंप किती तास चालला हेही लिहिलेले असायला हवे. ते मागील एका वर्षाचे मागा. ज्या गाडीच्या नोंदीत किलोमीटर आहेत पण पंपाचे तास नाहीत, तिचा पंप एकतर बिघडलेला आहे किंवा नोंद ठेवली जात नाही आणि दोन्ही बाबतींत पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो. वार्षिक देखभालीचा करार कोणत्या गाड्यांना आहे आणि त्यात पंपाचा समावेश आहे की फक्त चेसिसचा, हेही एका ओळीत जोडा. शिडीच्या गाडीच्या बाबतीत शेवटची भारचाचणी कोणत्या दिनांकाला झाली, ते स्वतंत्रपणे विचारा.

माहिती मागणारा (उत्तर)

आणखी एक व्यवहाराची बाब. सदस्यांच्या प्रश्नाला सभागृहात वेळेअभावी उत्तर मिळाले नाही, तरी ही कागदपत्रे नागरिकांना मागता येतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती महापालिकेने स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. अर्ज करताना “खरेदीची सर्व माहिती द्यावी” असे मोघम लिहू नये. एका अर्जात एकाच खरेदीचा विषय घ्यावा आणि निविदेतील तांत्रिक विनिर्देश, निविदापूर्व बैठकीचे इतिवृत्त, तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता व ताबा घेतानाचा चाचणी अहवाल अशी कागदपत्रे नावाने मागावीत. निविदापूर्व बैठकीचे इतिवृत्त विशेष काळजीने वाचावे, कारण कोणाच्या सूचनेवरून कोणती अट बदलली गेली हे त्यातच दिसते. मुख्य लेखापरीक्षकांचे अहवाल स्थायी समितीपुढे जातात. त्यांतील अग्निशमन विभागाशी संबंधित आक्षेप आणि त्यांचे अनुपालन हे दुसऱ्या अर्जात मागता येईल. नगरसेविकांचा प्रश्न दाखल झाला की त्याच आठवड्यात मी पहिला अर्ज सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयात देतो. त्यांच्या हाती आलेली आणि माझ्या हाती आलेली कागदपत्रे आपण येथे एकमेकांशी ताडून पाहू.